जुने लिनक्स किती दिवस सांभाळावे?

आजोबांच्या हातची शिलाई मशीन नातवाच्या दुकानात आजही चालते. तेल दिले, पट्टा बदलला, सुई बदलली की काम सुरू. चालते तोवर अवजार टाकायचे नाही, ही आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांची जुनी रीत आहे आणि ती वाईट नाही. याच हिशेबाने पुष्कळ दुकानांतून आठ-दहा वर्षांपूर्वी बसविलेले लिनक्स जसेच्या तसे चालू आहे. बिल निघते, प्रिंटर छापतो, कुणाची तक्रार नाही. मग बदलायचे कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. लिनक्स फुकट मिळते, परंतु बदलणे फुकट होत नाही. संगणकवाल्याला बोलवावे लागते, त्याची मजुरी द्यावी लागते, एक-दोन दिवस धंदा खोळंबतो, आणि एवढे करून प्रिंटर रुसून बसला तर गिऱ्हाईक समोर उभे राहते. म्हणून "नवे आले की लगेच घ्या" असा सरधोपट सल्ला आम्ही देणार नाही. "चालतंय ना, मग हात लावू नका" हा सल्लाही तितकाच घातक आहे.

शिलाई मशीनला बाहेरून कुणी हात लावीत नाही. इंटरनेटला जोडलेल्या संगणकाचे तसे नसते. त्याच्या दाराची कडी अनोळखी लोक, आणि लोकांपेक्षाही त्यांनी सोडलेली प्रोग्रामे, रात्रंदिवस हलवून पाहत असतात. एखाद्या दाराला फट सापडली की लिनक्स तयार करणारे ती बुजविणारी दुरुस्ती पाठवितात. परंतु हे काम ते एका ठरावीक मुदतीपर्यंतच करतात. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. दुकान तसेच चालू राहते, फक्त नवी फट सापडली तर ती बुजवायला कोणी येत नाही. फसगत होते ती येथेच.

जुने वेगळे, मुदत संपलेले वेगळे

या दोहोंत आपले लोक नेहमी गल्लत करतात, आणि काही संगणकवाले आपला माल खपविण्यासाठी ती मुद्दाम करतात. "साहेब, तुमचं व्हर्जन फार जुनं झालंय" एवढ्या वाक्यावर नवा संगणक गळ्यात मारला जातो.

वस्तुतः डेबियन, उबुंटू किंवा रेड हॅट यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत प्रोग्रामचा क्रमांक जुनाच ठेवतात आणि दुरुस्ती तेवढी आत घालतात. कपडा जुना, पण रफू ताजा. त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून संगणक असुरक्षित आहे असे ठरविता येत नाही. उलट कधी कधी जुनेच वाचते. मार्च २०२४ मध्ये "एक्सझेड" नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसविल्याचे उघडकीस आले. तो ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांत होता. डेबियनची स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांच्या संगणकात तो पोहोचलाच नव्हता. नव्याच्या मागे धावणारे मात्र सापडले.

तेव्हा संगणकवाल्याला "किती जुने?" असे विचारू नये. "याला दुरुस्ती अजून येते का, आणि कोणत्या तारखेपर्यंत येणार?" असे विचारावे. ज्याला याचे उत्तर देता येत नाही, त्याच्या हाती दुकानाचा संगणक देण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तारखा कुठे पाहाव्या

उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम सालच्या एप्रिल महिन्यात येते, आणि तिला पाच वर्षे मोफत दुरुस्ती मिळते. आवृत्तीच्या नावातच तिचे साल आणि महिना असतो, ही मोठी सोय आहे. १८.०४ म्हणजे एप्रिल २०१८. तिची मोफत मुदत मे २०२३ मध्ये संपली. २०.०४ ची मे २०२५ मध्ये संपली. २२.०४ ची एप्रिल २०२७ पर्यंत आहे. लिनक्स मिंट ही उबुंटूवरच उभी असल्यामुळे तिच्या मुदतीही त्याच हिशेबाने चालतात. मिंट २० ची एप्रिल २०२५ मध्ये संपली, २१ ची एप्रिल २०२७ पर्यंत आहे. डेबियनचा हिशेब तीन वर्षे पूर्ण देखभाल आणि त्यानंतर दोन वर्षे जादा, असा एकूण पाच वर्षांचा आहे. डेबियन १० चा मामला जून २०२४ अखेर आटोपला आणि डेबियन ११ ला ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत मुदत होती. फेडोराची एक आवृत्ती जेमतेम तेरा महिने टिकते. ती शिकणाऱ्यांसाठी व हौशी लोकांसाठी ठीक आहे, दुकानाच्या गल्ल्यावर तिचे काम नाही.

ज्यांच्याकडे उबुंटू १८.०४ किंवा २०.०४ आहे त्यांनी पुढची गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण ती सांगणारे थोडे आहेत. उबुंटूची मालक कंपनी कॅनॉनिकल हिने ऑक्टोबर २०२२ मध्ये "उबुंटू प्रो" ही सेवा पाच संगणकांपर्यंत मोफत केली, आणि त्यात घरगुती वापराबरोबर छोट्या प्रमाणातला व्यापारी वापरही धरला. नाव नोंदवून एक सांकेतिक क्रमांक घ्यायचा, तो संगणकात घालायचा, की दुरुस्तीची मुदत पाचाऐवजी दहा वर्षे होते. म्हणजे १८.०४ ला २०२८ पर्यंत आणि २०.०४ ला २०३० पर्यंत दुरुस्ती मिळू शकते. ज्याच्या दुकानात एक किंवा दोन संगणक आहेत त्याला एक पैसा न खर्चता जुनेच लिनक्स सुरक्षित ठेवण्याचा हा मार्ग आहे. तरीही हजारो संगणक बिनदुरुस्तीचे पडून राहतात, याला आम्ही निव्वळ आळस म्हणतो.

सेंटओएसचा धडा

लिहून दिलेली तारीखदेखील पाळली जाईलच असे नाही, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको. सेंटओएसच्या बाबतीत जगाने ते पाहिले. रेड हॅट कंपनीचे लिनक्स पैसे भरून घ्यावे लागते. त्याचाच खुला मजकूर घेऊन तसेच्या तसे फुकट लिनक्स तयार करणारा सेंटओएस हा प्रकल्प २००४ पासून चालत होता. लहानमोठ्या कंपन्या, वेबसाइटी भाड्याने चालविणारे, विद्यापीठे, सर्वांनी त्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. २०१४ मध्ये रेड हॅटनेच प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला. सप्टेंबर २०१९ मध्ये सेंटओएस ८ आली आणि ती २०२९ पर्यंत चालेल असे लोक धरून चालले. डिसेंबर २०२० मध्ये एकाएकी जाहीर झाले की ती ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. दहा वर्षांच्या भरवशावर बसलेल्यांच्या हाती एक वर्ष उरले.

गंमत अशी की ज्यांनी जुनी सेंटओएस ७ सोडली नव्हती ते तरले. तिची मुदत ३० जून २०२४ पर्यंत होती आणि ती पाळली गेली. घाईने ८ वर गेलेल्यांना मात्र दुसऱ्यांदा बिऱ्हाड हलवावे लागले. पुढे २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स ही दोन नवी घरे उभी राहिली आणि बहुतेक लोक तेथे गेले.

सेंटओएस ७ वर शेवटपर्यंत बसलेल्यांपैकी कित्येकांना जुलै २०२४ मध्ये आणखी एक धक्का बसला. मुदत संपताच तिच्या दुरुस्त्या मिळण्याचे नेहमीचे पत्ते बंद झाले आणि सारा जुना माल "व्हॉल्ट" नावाच्या जुन्या दप्तरात गेला. नवा प्रोग्राम चढवायला गेले की पत्ताच सापडेना. जाणकाराने पत्ता बदलून दिला की काम होते, पण जाणकार त्या दिवशी मिळायला हवा. म्हणून मुदत संपण्याआधी शेवटची दुरुस्ती चढवून घेणे आणि लागणारे सर्व प्रोग्राम उतरवून ठेवणे हे किमान काम आहे.

चार आठवड्यांचा उशीर

"मुदत संपून महिनाच तर झालाय, लगेच काय होतंय?" असे म्हणणाऱ्यांसाठी २०१७ सालची हकिगत सांगतो. दुकानातल्या दोन-तीन संगणकांत फाइली वाटून घेण्यासाठी लिनक्सवर "सांबा" नावाचा प्रोग्राम वापरतात. हिशेबनीस एका टेबलावर, बिल करणारा दुसऱ्या टेबलावर, आणि वही एकच; हे सांबामुळे शक्य होते. २४ मे २०१७ रोजी जाहीर झाले की सांबाच्या ३.५.० पासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत एक मोठी फट आहे. ती आवृत्ती २०१० ची. म्हणजे सात वर्षे दार किलकिले होते आणि कुणाच्या लक्षात आले नव्हते. ज्याला वाटलेल्या फोल्डरमध्ये फाइल टाकता येते, तो पूर्ण संगणकाचा ताबा घेऊ शकत होता. थोड्याच दिवसांत चोरांनी अशा संगणकांत शिरून त्यांच्यावर मोनेरो हे आभासी चलन खणण्याचे काम लावले. वीज दुकानदाराची, कमाई चोराची!

आता तारीख पाहा. उबुंटू १२.०४ ची मोफत मुदत २८ एप्रिल २०१७ रोजी संपली होती, फट जाहीर होण्याच्या चार आठवडे आधी. १४.०४ आणि १६.०४ वाल्यांना दुरुस्ती लगेच मिळाली. १२.०४ वर पैसे भरून मुदत वाढविलेल्यांनाही मिळाली. बाकीच्यांना स्वतःच्या हाताने सांबाची सेटिंग बदलून काम भागवावे लागले, आणि ज्यांना हे कळलेच नाही त्यांचे दार उघडेच राहिले.

यावरून आमचे मत असे बनले आहे की जो संगणक इंटरनेटला जोडलेला आहे, ज्यावर बँकेचा व्यवहार होतो, जीएसटीचे विवरणपत्र भरले जाते किंवा गिऱ्हाइकांच्या उधारीची वही आहे, त्याच्यासाठी मुदत म्हणजे मुदत. सवलतीचे दिवस धरू नयेत. गिऱ्हाइकाचा फोन नंबर, त्याचे मोजमाप, त्याची थकबाकी या आपल्याजवळ ठेवलेल्या अमानती आहेत, आणि अमानत सांभाळणाऱ्याला "मला कळलं नाही" ही सबब चालत नाही.

कारखान्यातला संगणक

कारागिरांचा प्रश्न निराळा आहे. लाकडावर नक्षी कोरणारी, पत्रा कापणारी किंवा संगमरवर घासणारी संगणकी यंत्रे कित्येक ठिकाणी "लिनक्ससीएनसी" या मोफत प्रोग्रामवर चालतात. त्याच्या जुन्या आवृत्त्या उबुंटू १०.०४ वर आणि पुढे डेबियन ७ वर बसवून मिळत. उबुंटू १०.०४ ची डेस्कटॉपसाठीची मुदत २०१३ मध्ये संपली, डेबियन ७ ची जादा मुदतसुद्धा मे २०१८ अखेर संपली. नियमाने पाहिले तर ही यंत्रे केव्हाच बदलायला हवी होती.

आम्ही तसे म्हणणार नाही. येथे संगणक हा कार्यालयाचा कारकून नसून यंत्राचा एक भाग आहे. हत्यार किती सूक्ष्म क्षणाला किती सरकायचे याचा हुकूम तो देतो, आणि त्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, वेळ काटेकोर पाळणारी खास व्यवस्था लागते. जुन्या कर्नलवर, जुन्या पॅरलल पोर्टवर ती व्यवस्था नीट जुळलेली असेल तर ती मोडून नव्याच्या नादी लागण्यात शहाणपण नाही. (अशी व्यवस्था लिनक्सच्या मूळ गाभ्यातच समाविष्ट झाली ती २०२४ च्या अखेरीस आलेल्या ६.१२ या कर्नलपासून. म्हणजे पुढचे यंत्र घेताना हा त्रास कमी होईल.)

परंतु असा संगणक ठेवायचा तर एकांतात ठेवावा. त्याला इंटरनेटची तार लावू नये, वायफायचे कार्ड असेल तर काढून टाकावे. नक्षीची फाइल न्यायला एक पेनड्राइव्ह राखून ठेवावा आणि तो दुसऱ्या कुठल्याही कामाला, विशेषतः लग्नाचे फोटो आणायला, वापरू नये. मग हल्ल्याची भीती फारशी उरत नाही. उरते ती लोखंडाची आणि सिलिकॉनची भीती. जुनी हार्डडिस्क एक दिवस दगा देणारच. तेव्हा क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल आजच काढून ठेवावी, ती दुसऱ्या डिस्कवर चढवून यंत्र खरोखर चालते का हे एकदा पाहावे, आणि ती दुसरी डिस्क कपाटात ठेवावी. न तपासलेली नक्कल असून नसल्यासारखी. मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी, नाहीतर संगणक तारीख विसरतो, सेटिंग विसरतो, आणि कारागिराला वाटते लिनक्स बिघडले. एवढे केले तर असे लिनक्स यंत्राच्या आयुष्याइतके चालू द्यावे.

वही जपायची, संगणक नव्हे

काही बांधव जुना संगणक टाकत नाहीत याचे कारण वेगळे असते. त्यात जुने हिशेब असतात. कायद्यानेही ते ठेवावे लागतात. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ या वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत भरायचे होते, म्हणजे त्या वर्षाच्या वह्या २०३० च्या अखेरपर्यंत दाखविता आल्या पाहिजेत. ज्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे त्यांना कंपनी कायद्याने आठ आर्थिक वर्षांचे दप्तर ठेवणे भाग आहे.

आता विचार करा. लिनक्सची मुदत पाच वर्षे, कायद्याची सहा ते आठ. म्हणजे हिशेब ज्या लिनक्सवर लिहिला ते लिनक्स हिशेबाच्या आधीच म्हातारे होणार. यावर उपाय दर मार्चअखेर करायचा. सर्व खातेवह्या, बिले आणि मालाच्या याद्या पीडीएफमध्ये आणि कोष्टकाच्या साध्या फाइलीत, म्हणजे सीएसव्हीत, काढून दोन वेगवेगळ्या जागी ठेवायच्या, पैकी एक जागा दुकानाबाहेरची. साधी फाइल कुठल्याही लिनक्सवर, लिब्रेऑफिसमध्ये उघडते. जुना बिलिंग प्रोग्राम नव्या लिनक्सवर बसतच नसेल तर जुने संपूर्ण लिनक्स नव्या संगणकाच्या पोटात, व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रामात, इंटरनेट बंद करून ठेवता येते. अधिकाऱ्याने नोटीस पाठविली की ते उघडायचे, पाहिजे तो कागद छापायचा आणि बंद करायचे. जुना डबा टेबलावर अडवून बसण्याची गरज नाही.

केव्हा हलवावे

बदलायचे ठरले तर दिवस निवडण्यात बहुतेकांची चूक होते. चंद्राच्या हिशेबाने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला, म्हणजे ऐन हिशेबाच्या शेवटच्या दिवशी आली. २०२६ ची मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली, आणि २०२७ ची चंद्रदर्शनानुसार मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. कापड, चपला, अत्तर, सुकामेवा, शिवणकाम या धंद्यांचा सारा हंगाम आणि वर्षअखेरची धावपळ एकाच महिन्यात पडते. उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ यांची मुदत एप्रिल २०२७ ची आहे हे वर सांगितलेच. जो "एप्रिलपर्यंत वेळ आहे" म्हणून थांबेल, त्याला ते काम ईद आणि मार्चअखेर यांच्या फटीत करावे लागेल. जानेवारीआधी उरकणे बरे.

दुसरे, एकदम दोन पायऱ्या उडी मारता येत नाही. २०.०४ वरून २४.०४ वर जायचे तर मध्ये २२.०४ वर थांबावे लागते. डेबियनचेही तेच. जो आवृत्ती सोडत सोडत मागे पडला, त्याला नकलेवरून नव्याने बसविणेच स्वस्त पडते. नवी आवृत्ती एप्रिलमध्ये आली तरी जुन्या दीर्घ मुदतीच्या उबुंटूला तिच्यावर जाण्याचे आमंत्रण साधारण ऑगस्टमध्ये, पहिली सुधारित प्रत निघाल्यावर मिळते. ते येईपर्यंत वाट पाहावी. पहिल्या महिन्यातल्या खोड्या दुसऱ्यांनी काढलेल्या बऱ्या.

आणि प्रिंटर आधी तपासावा. पेनड्राइव्हवरून नवे लिनक्स न बसविता चालवून पाहता येते; त्यातून एक बिल छापून पाहावे. आपल्याकडे खपलेल्या काही लहान लेझर प्रिंटरांचे ड्रायव्हर जुन्या ३२-बिट भागांवर अवलंबून आहेत, आणि तेथेच अडते. साध्या ठोक्याच्या डॉट मॅट्रिक्सला सहसा काही होत नाही.

एकाच लिनक्समध्ये साठत जाणाऱ्या जुन्या कर्नलांबद्दलही लोक विचारतात. चालू असलेला आणि त्याच्या आधीचा, असे दोन ठेवावे. फेडोरा आपण होऊन तीन ठेवते. नवा बिघडला तर संगणक सुरू होताना जुना निवडता येतो. बाकीचे एपीटीच्या ऑटोरिमूव्हने काढावेत, नाहीतर बूटची लहान जागा भरते आणि पुढची दुरुस्ती अर्ध्यावर अडकते. फाइल हाताने पुसू नये.

३२-बिट संगणक

राहिले ते अगदी जुने, ३२-बिट संगणक. क्रोमने ३२-बिट लिनक्सची साथ २०१६ मध्येच सोडली. उबुंटूने २०१९ मध्ये दार लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा संगणकावर नव्याने बसण्याची सोय काढली, आणि त्याच वर्षी मोझिलाने ३२-बिट लिनक्सवरील फायरफॉक्स थांबविण्याचे जाहीर केले. जीएसटीचे संकेतस्थळ किंवा बँक उघडण्यासाठी असा संगणक आता ठेवू नये. छापण्यापुरता, यंत्रापुरता एकांतात ठेवावा.

त्यालाही एक शेवटची तारीख आहे. जुने ३२-बिट लिनक्स १९७० पासूनचे सेकंद एका ठरावीक मापाच्या खणात मोजते, आणि तो खण १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी भरतो. त्यानंतर तारीख १९०१ सालात उडी मारते. बारा-पंधरा वर्षांच्या कर्जाचे हप्ते किंवा गाळ्याचा लांब मुदतीचा करार जुन्या प्रोग्रामात लिहिणाऱ्यांना हा प्रश्न २०३८ येण्याची वाट न पाहता आजच भेटू शकतो. २०३९ मधली एक तारीख घालून पाहावी, पाच मिनिटांचे काम आहे.